नावाचा रकाना

अजून काही लिहू नका.

हातात छापील तक्ता आहे. त्यात सगळ्यात वर परिसंस्थेचं नाव लिहायचा रकाना आहे आणि पेन आपसूक तिकडेच जातंय. पेन खिशात ठेवा. तक्ता पालथा करून त्यावर एक दगड ठेवा, वारा आहे. आणि बसा, जमिनीला हात टेकेल असे.

आपण माणदेशात आहोत. महादेवाच्या डोंगररांगेतून माणगंगेकडे उतरत गेलेला हा एक लांबट उतार. दसरा होऊन गेलाय, गवत पिकायला लागलंय. डोळे मिटायची गरज नाही, उघडेच राहू द्या. एवढंच करा की समोर जे दिसेल त्याचं नाव थोडा वेळ घेऊ नका, मनातल्या मनातसुद्धा नाही. हे अवघड आहे. माळ दिसला की ‘माळ’ म्हणून आपण मोकळे होतो आणि त्या क्षणी बघणं थांबतं. परिसंस्थांचं वर्गीकरण शिकायला आलेल्यांना मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं: नाव द्यायचंच आहे, त्यासाठीच आलो आहोत, पण ते शेवटी.

आता मान पश्चिमेकडे वळवा. इथून दिसणार नाही, पण तिकडे सुमारे १२५ किलोमीटरवर महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला वीस किलोमीटरच्या आत पाचगणी, आणि तेवढ्या अंतरात पाऊस निम्म्याहूनही खाली येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की आणखी उतरतो. आणि इथे, तुम्ही बसला आहात तिथे, वर्षाचे जेमतेम पाचशे मिलिमीटर. त्यातलाही बराचसा परतीचा.

ही उतरण मनात हळूहळू चालून या. महाबळेश्वरच्या रानात अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडं. सदाहरित, पण बुटकी, एकमेकांना खेटून उभी, खोडांवर शेवाळ आणि आमरी. कडेच्या उतारांवर कारवी. पाचगणीच्या पुढे पानगळीची झाडं वाढत जातात. वाई ओलांडली की झाडं एकमेकांपासून दूर सरकतात, पानं बारीक होतात, काटे वाढतात. इथवर पोचेपर्यंत हिवर, बोर, बाभूळ, तरवड आणि मधे सगळीकडे गवत. कुठेही कुंपण लागलं नाही. कुठे काय संपलं ते बोट ठेवून सांगता येणार नाही. तरीही दोन टोकं इतकी वेगळी आहेत की दोन्हीकडे एकच सूर्य उगवतो यावर विश्वास बसू नये.

आता यात एक गोष्ट मिसळा, आणि घाई न करता तिच्यावर थांबा. या दोन्ही टोकांखालचा खडक एकच आहे.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्ह्याचा काळा कातळ. महाबळेश्वरच्या रानाखाली तोच, तुमच्या बैठकीखालीही तोच. तिथे तो कुजून लाल जांभा झाला. इथे कुजून त्याची काळी माती झाली. धो धो पावसात खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका हे सगळं युगानुयुगं विरघळून वाहून गेलं आणि मागे लोह व अ‍ॅल्युमिनियम उरलं. म्हणून तो लाल. इथे पाण्याला एवढं वाहून नेण्याची ताकदच नव्हती. चुना जागेवर राहिला, सिलिका राहिली, आणि त्यांतून एक अतिशय बारीक, पाणी प्यायली की फुगणारी चिकणमाती तयार झाली. खडक एक, आभाळ दोन, माती दोन, रानं दोन. रशियात दोकुचायेव यांनी १८८३ साली तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला तेव्हापासून हा विचार विज्ञानात रुजला आहे: खडक, हवामान, सजीव, चढउतार आणि काळ या पाचांनी मिळून माती घडते. पाचांतला एक बदला, माती बदलते.

नियम हाती लागल्याचा आनंद झाला असेल तर तो होऊ द्या, मग त्याला थोडं हलवून बघा. सह्याद्रीत, भरपूर पावसाच्या प्रदेशातही, काही खोलगट जागी काळी माती सापडते. आपल्या नियमाप्रमाणे ती तिथे असायला नको. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला: त्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची खनिजं आहेत आणि ती विरघळताना मातीला सतत कॅल्शियम पुरवत राहतात. एवढ्या पावसातही ती काळी माती म्हणून टिकली ती त्यामुळे. आभाळाने सांगितलेलं खडकाने थोडं बदललं. म्हणून आभाळ वाचून झालं की लगेच उठायचं नाही. खाली बघायचं.

बघण्याआधी जागा निवडू. हा उतार तीन ठिकाणी तीन प्रकारचा आहे. माथ्यावर मुरूम उघडा पडलाय. पडलेलं पाणी तिथे थांबत नाही. पायथ्याला ओढ्याकाठी खोल काळी. वरून आलेलं पाणी आणि वरून आलेली माती दोन्ही तिथे साठतात. आणि मधे आपण. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात क्रायिना नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे, १९४९ पासून तिथल्या विद्यापीठात. त्यांनी घडवलेली परिसंस्थांच्या वर्गीकरणाची पद्धत आजही त्या प्रांताच्या जंगलांत रोज वापरली जाते. त्या पद्धतीतली एक कल्पना मला फार मोलाची वाटते. हवामान काय म्हणतंय हे ऐकायचं असेल तर माथ्यावर जाऊ नये आणि घळीतही जाऊ नये. उताराच्या मधली, बऱ्यापैकी खोल मातीची, जिला शेजारून पाणी मिळत नाही आणि जिचं पाणी शेजारी पळवत नाही अशी जागा शोधावी. तिथलं रान त्या प्रदेशाच्या हवामानाचं खरं रूप दाखवतं. माथा त्याहून कोरडं दाखवतो, घळ त्याहून ओलं. बाकीच्या जागा मग दोन अक्षांवर मांडायच्या: एकावर ओलावा, दुसऱ्यावर पोषण.

तुम्ही बसला आहात ती मधली जागा आहे का? उठा आणि चारही दिशांनी थोडं चाला. पावलांखाली काय बदलतं ते पाहा. माथ्याकडे जाताना पाय कुरकुरतो, खाली जाताना रुततो. परत या.

आता दोरीचा चौकोन टाका, एक मीटर बाय एक मीटर. झाडांसाठी मोठा चौकोन नंतर आखू, आज गवतापासून सुरुवात. गुडघ्यांवर या. चौकोनात जे आहे तेवढंच जग आहे असं समजा. आधी झाकलेली जमीन आणि उघडी जमीन यांचा अंदाज घ्या: किती टक्के गवत, किती खडे, किती नुसती माती. वनस्पतींचा व्याप नोंदायच्या ब्राउन-ब्लांके पद्धतीत ७५ टक्क्यांहून जास्त जागा व्यापणाऱ्या जातीला ५ आकडा, निम्म्याहून जास्त व्यापणारीला ४, आणि असं उतरत ५ टक्क्यांहून कमी असणारीला १. त्याखाली अधिकचं चिन्ह, म्हणजे ‘आहे, पण नावापुरती’. मला हे चिन्ह आवडतं. जे नावापुरतं आहे तेही नोंदलं जातं.

एक काडी खुडा. कुसळ लांब, पीळ पडलेलं, टोक अणकुचीदार: कुसळी. शेजारची काडी वेगळी आहे, तुरा एकेरी, वाकलेला: पवन्या. थोडं खाली उताराकडे, जिथे माती खोल होते, तिथे पेराच्या गाठीभोवती पांढरी लव असलेलं गवत: मारवेल. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात देशाच्या गवतांचे पाच मोठे प्रकार केले, आणि दख्खनसह साऱ्या द्वीपकल्पाच्या गवताला पवन्या व मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांनी ओळख दिली. पवन्या मुरमाड, निचऱ्याच्या जागी. मारवेल खोल काळीत. तुमच्या चौकोनात दोन्ही असतील तर थांबा. दोघांचं प्रमाण किती? मारवेल चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यातच आहे का? मग खालच्या कोपऱ्याखालची माती वरच्या कोपऱ्याहून खोल असणार. गवताने सांगितलं. खरं का, ते कुदळ सांगेल.

माणदेशातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. हलक्यात बाजरी, भारीत शाळू. मुरमाड, बरड, तांबडी, काळी, चोपण, पोयटा या नावांत खोली, निचरा, खार, पोत सगळं येऊन जातं. मेंढ्या घेऊन जाणारा धनगर भेटला तर त्याला विचारा की या माळावर कुठलं गवत कधी गोड लागतं. तो जे सांगेल ते तक्त्यात बसत नाही म्हणून सोडू नका. मागच्या कोऱ्या बाजूला लिहा.

आता खड्डा. यात दिवसातला सर्वांत जास्त वेळ जाऊ द्या.

जी भिंत वाचायची ती उन्हाच्या समोर येईल असा खणा. त्या भिंतीच्या वरच्या काठावर पाय ठेवायचा नाही, माती टाकायची नाही. तिथलं गवत जसं आहे तसं राहायला हवं. वरची गवताची ढेकळं एका बाजूला नीट मांडा. मग वरची माती वेगळी, खालची वेगळी. खणताना बोलू नका. कुदळीचा आवाज ऐका, कारण थर बदलला की तो डोळ्याआधी कानाला कळतो.

दीड मीटर खाली गेलात, किंवा त्याआधीच मुरूम लागला, की खाली उतरा आणि सुरीच्या टोकाने भिंत हलकेच खरवडा. कुदळीने गुळगुळीत झालेला चेहरा काढून टाका, म्हणजे मातीचा स्वतःचा चेहरा दिसेल. आणि पुन्हा थांबा. सगळी भिंत नजरेत मावेल एवढं मागे सरका.

वरचा हात-दीड हात गडद. त्यात बारीक मुळांचं दाट जाळं. ही गवताची मुळं आहेत, वर दिसत होतं त्याहून कितीतरी जास्त गवत इथे खाली आहे. मुळांमध्ये एखादा कंद सापडला तर त्याला इजा करू नका. पावसाळ्यात महिना-दोन महिने वर येऊन उरलेलं वर्ष जमिनीखाली काढणाऱ्या वनस्पती या माळावर बऱ्याच आहेत. उन्हाळ्यात कुणी इथे येऊन ‘काही नाही’ असं लिहून गेला तर त्याने ही भिंत पाहिलेली नसते.

एक ढेकूळ काढा, पाण्याने भिजवा, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पट्टी काढत जा. वाळू असेल तर पट्टी निघतच नाही. गाळ असेल तर पिठासारखा मऊ लागून लवकर तुटतो. ही पट्टी लांबत जाते, पाच सेंटिमीटरच्या पुढे, चकाकते, बोटाला चिकटते. चिकणमाती भरपूर. रंग मनसेलच्या, मातीच्या रंगांचे नमुने असलेल्या पुस्तकाशी ताडून बघा. माती ओली असावी, ऊन पाठीमागून यावं, डोळ्यांवर गॉगल नको. त्यातल्या १० वायआर ३/१ या नमुन्याच्या आसपास: फार गडद राखाडी. इतकी काळी म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याने गच्च भरलेली, असं वाटेल. तसं नाही. या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. काळेपणा येतो तो थोड्या कर्बाने चिकणमातीला घट्ट धरून ठेवलेलं असल्यामुळे. महाबळेश्वरच्या रानातली लाल माती हिच्याहून कर्बाने श्रीमंत असते. रंग बघून दिलेलं मत इथे बाजूला ठेवा.

आता खालच्या थरात, गुडघ्याच्या उंचीवर, एक ढेकूळ हाताने मोडा. ते तिरकं फुटतं आणि फुटलेली बाजू घासल्यासारखी गुळगुळीत, रेघा पडलेली असते. बोट फिरवा त्यावरून. पावसाळ्यात ही माती फुगते, जागा पुरत नाही, आणि मातीचा एक भाग दुसऱ्यावरून सरकत जातो. ही त्या सरकण्याची खूण. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, वरची माती भेगांतून खाली पडते. काळी स्वतःच स्वतःला नांगरते असं जाणती माणसं म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. ज्या झाडाची कोवळी मुळं हा दरवर्षीचा ताण सोसू शकत नाहीत ते इथे उभं राहणार नाही. गवताची मुळं बारीक, असंख्य, तुटली तरी पुन्हा फुटणारी. गवत इथे का आहे याचं निम्मं उत्तर तुमच्या बोटाखाली आहे.

आणखी खाली पांढरे खडे दिसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं. हा चुना. महाबळेश्वरला असतं तर पाण्याने कधीच नेला असता तोच चुना. पाऊस जेवढा खोल जाऊ शकला, तिथवर तो वाहत आला आणि बसला. म्हणजे या खड्ड्यात पाऊस कुठवर पोचतो याची रेघच आखलेली आहे.

एक खडा तळहातावर घ्या. यातल्या कार्बनमध्ये आणखी एक नोंद असते: हा चुना मातीत साचला तेव्हा वर झाडांचं राज्य होतं की उष्ण प्रदेशातल्या गवतांचं. दोन्ही हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात आणि तो फरक चुन्यात उतरतो. उत्तरेत शिवालिकच्या पुरातन मातीतले असेच खडे तपासून कळलं की तिथे सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी गवतांनी मोठा प्रदेश व्यापला. माणूस यायच्या कितीतरी आधी. खडा परत ठेवू नका, पिशवीत घाला, खोली लिहून. ही पिशवी प्रयोगशाळेत जाईल.

आता वर या, बसा, पाणी प्या. तक्ता सुलटा करा.

पर्जन्यमान, उंची, उताराची दिशा, उतारातली जागा. गवतांची यादी, आकड्यांसह. झाडं: हिवर दोन, बोर एक, तरवडाची झुडपं. मातीचे थर, खोली, पोत, रंग, फसफस. सगळं भरा. फक्त वरचा रकाना रिकामा.

त्या रिकाम्या रकान्याकडे थोडं बघत राहा, कारण इथे चुकलं की त्याची किंमत हा माळ मोजतो.

आपल्या हाती असलेलं भारतीय वनांचं वर्गीकरण चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये मांडलं आणि १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी सुधारून प्रसिद्ध केलं. ते मोठं काम आहे. महाबळेश्वरचं अंजनी-जांभळाचं रान त्यात आपली जागा मिळवून आहे. पण ते वनाधिकाऱ्यांनी वनांसाठी केलेलं वर्गीकरण आहे. त्याच्या नजरेला इथे वन असायला हवं होतं. ते नाही, म्हणजे ते तुटलं, चरलं गेलं, जळलं. म्हणून अशा जागांना तिथे बहुतेक वेळा ऱ्हास पावलेल्या वनाची अवस्था म्हणून स्थान मिळतं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत तर याहून खाली: झुडपी पडीक, किंवा उघडी खडकाळ पडीक. सड्यांची, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जांभ्याच्या पठारांचीही तीच गत होते. भाद्रपदात तिथे गेंद, दवबिंदू, सोनकी यांनी पाय ठेवायला जागा नसते, तरी कागदावर ते खडकाळ पडीक.

आणि एकदा कागदावर पडीक झालं की पुढचं आपोआप घडतं. समतल चर खणले जातात, मधे ग्लिरिसिडियाची रोपं लागतात, आणि चांगलं काम झालं असं मनापासून वाटतं. चर खणताना मगाशी पाहिलेलं मुळांचं जाळं तुटतं. सावलीत पवन्या तग धरत नाही. लांडगा, खोकड, धाविक यांना लागणारा मोकळेपणा जातो. मला याचा त्रास होतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. झाडं लावणाऱ्यांच्या हेतूत खोट नसते. खोट त्या एका रकान्यात असते, जो कुणीतरी उभ्या उभ्या, खड्डा न खणता भरलेला असतो.

आपल्या खड्ड्याने काय सांगितलं ते पुन्हा मनात आणा. पाचशे मिलिमीटर पाऊस. फुगणारी, फाटणारी माती. चुन्याची रेघ. दाट गवतमुळं. मधून मधून, एकमेकांपासून लांब उभी काटेरी झाडं. यातलं कुठलंही लक्षण तुटलेल्या जंगलाचं असायलाच हवं असं नाही. ही सगळी सवानाची, विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाची लक्षणं असू शकतात. अलीकडे अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातले आणि लोकपरंपरेतले झाडाझुडपांचे उल्लेख जमवून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रात असा मोकळा, काटेरी माळ किमान साडेसातशे वर्षं आहे. पण प्रामाणिक राहा. एक खड्डा आणि एक चौकोन यांनी हा विशिष्ट उतार जुना माळ आहे हे सिद्ध होत नाही. चराई इथे आहे. आग लागत असेल. शेजारच्या टेकडीवर एखादी जुनी देवराई असेल तर तिथली माती आणि तिथली झाडं याच पद्धतीने तपासली पाहिजेत. तिथेही हीच माती, हाच उतार, आणि तरी झाडांची दाटी निघाली, तर आपल्याला पुन्हा विचार करावा लागेल.

म्हणून नाव लिहा, पण पेन्सिलीने: ‘विरळ काटेरी झाडांचा गवताळ प्रदेश, पवन्या, कुसळी, थोडं मारवेल, मध्यम खोल, चुनखडीयुक्त काळी माती, मधला उतार’. लांब झालं तरी चालेल. शेजारी खात्रीच्या रकान्यात ‘मध्यम’ लिहा आणि का ते एका ओळीत. हा चौकोन वैशाखात आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा बघायचा आहे हेही लिहा.

आणि खालची यादी आखडती घेऊ नका, ‘अधिक’ या चिन्हाने नोंदलेल्या जातींसह सगळी ठेवा. चॅम्पियन आणि सेठ यांच्या पुस्तकात प्रत्येक प्रकाराखाली ठिकाणं आणि तिथल्या वनस्पती लिहिलेल्या आहेत. म्हणूनच आज कुणी ती पानं उघडून म्हणू शकतो की ज्याला तुम्ही ऱ्हास पावलेलं वन म्हणता त्याच्या यादीतली ही गवतं बघा. त्यांच्या नावाशी भांडता येतं ते त्यांनी केलेल्या नोंदींच्या जोरावर. तुमच्या तक्त्याशीही उद्या कुणाला तसंच भांडता यायला हवं. अक्षर नीट काढा, थरांची खोली सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि मग खड्डा बुजवायला घ्या: आधी खालची माती, मग वरची, शेवटी गवताची ढेकळं, मुळं खाली करून.